बसूया का?

माझ्या भाच्याकडे एक काळा टी-शर्ट आहे. त्यावर पांढऱ्या रंगात वारली नाच काढलाय. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचा, गोगलगाईच्या शंखासारखा वळत गेलेला फेर. तीन वर्षांपूर्वी बोर्डीच्या चिकू महोत्सवातून त्याने तो घेतला, तेव्हा नाचणारे सगळे सडसडीत होते. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक टेकवलेले दोन त्रिकोण. वरचा छातीचा, खालचा कमरेखालचा, आणि दोन्ही टोकं भेटतात तो ठिपका म्हणजे कंबर. आमच्या डहाणूच्या गंजाडकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी लग्नाचा चौक लिहिणं हे सवासिणींचं काम होतं. लिहिणाऱ्या बदलल्या, लिहिणारे आले, कागद परदेशात गेले, पण कंबर ठिपक्याएवढीच राहिली. एवढी बारीक कंबर दुसऱ्या कुठल्या चित्रकाराने कुणाला दिली असेल असं मला वाटत नाही.

गेल्या गणपतीत भाचा तोच टी-शर्ट घालून आला आणि माझं लक्ष गेलं. फेर पसरला होता. मधल्या रांगेतल्यांच्या त्रिकोणांना गोलाई आली होती. तारपेवाला तर ऐन बेंबीवर असल्यामुळे आडवा रुंदावला होता. जेवण जड झालेल्या माणसासारखा दिसत होता. ताईचं म्हणणं, वॉशिंग मशीनमुळे कपडा आटला. कपडा आटला तर चित्र लहान होतं, मोठं होत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण गणपतीचे दिवस, आणि भावाने बहिणीला काय काय सांगायचं यालाही काही मर्यादा असते.

भाचा चोवीस वर्षांचा आहे. उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत सुपरवायझर. सकाळी डहाणू रोडवरून गाडी पकडायची, घोलवड मागे टाकायचं आणि राज्य बदलून कामाला लागायचं. डिप्लोमा करून नोकरीला लागला तेव्हा ६४ किलो होता. आता ७८. चौदा किलो म्हणजे आमच्या वाडीतून निघणाऱ्या चिकूच्या एका भरल्या खोक्याहून जास्तच. हे एवढं आलं कुठून, यावर घरात बरेच सिद्धान्त आहेत. ताई कँटीनच्या पामतेलाला दोष देते. भावोजी मोबाइलला देतात. ते पावसालाही मोबाइललाच दोष देतात. शेजारच्या काकूंना थायरॉइड वाटतो. आजीला काहीच वावगं वाटत नाही. "अंग भरलं पोराचं, आता मुली बघा," एवढंच तिचं निदान. काही दिवस संशयाची सुई घरच्या चिकूंवरही आली. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण घरात मानांकनाला कोण विचारतो! पंधरा दिवस बिचारी फळं टोपलीत बसून राहिली.

शनिवारचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. शनिवारी रात्री पोरगा मित्रांबरोबर कुठेतरी 'बसतो', हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मराठीत 'दारू पिणे' हे क्रियापद फक्त दुसऱ्यासाठी राखून ठेवलेलं आहे. तो पितो. आपण पीत नाही, आपण 'घेतो', आणि तेही थोडी. मित्र जमले की घेतही नाही, नुसते 'बसतो'. "आज बसूया का?" "बऱ्याच दिवसांत बसलो नाही." "परवा कुठे बसला होतात?" या संभाषणात बाटली नाही, पेला नाही, बर्फही नाही. एखाद्या परदेशी माणसाने मराठी शिकून ते ऐकलं तर त्याला वाटेल, या लोकांना उभं राहण्याचा काहीतरी जुना आजार असावा. शब्द आपण लाजेने निवडला खरा, पण आपल्या शरीराने तो फार मनावर घेतला. बसा म्हटलं ना? बसलं. आणि बसल्या जागी वाढलं.

आमच्या या भागात पूर्वी पिण्यासाठी बसून भागत नसे, चढावं लागे. डहाणूहून तलासरीकडे निघालात की शेताच्या बांधावर, ओहोळाच्या कडेला ताडाची झाडं दिसतात. उंच, काळी, डोक्यावर पंख्यांचा झुबका. काहींना खालपासून वरपर्यंत बांबू बांधलेला असतो. त्या बांबूच्या पेरांवर पायाचा अंगठा रोवत माणूस वर जातो, कोयत्याने फुलोऱ्याचा दांडा तासतो, त्याला मडकं अडकवतो आणि खाली येतो. संध्याकाळी पुन्हा, सकाळी पुन्हा. दांडा रोज नव्याने तासावा लागतो, नाहीतर झाड रुसतं. रात्रभर थेंब थेंब गळलेला रस पहाटे उतरवला तर तो गोड, नीरेच्या जवळचा. पण हवेतलं, मडक्यातलं यीस्ट काही झोपलेलं नसतं. ऊन चढेल तशी त्यातली साखर खाऊन ते तिचा अल्कोहोल करत जातं. म्हणून नऊ वाजताची ताडी पाहुण्याशी गोड बोलते, आणि तीच दुपारी दोन वाजता अंगावर येते. एकाच मडक्याचे हे दोन स्वभाव माहीत नसलेले मुंबईचे पाहुणे मी आमच्याच ओटीवर आडवे झालेले पाहिले आहेत.

आणि इथे मराठी भाषा पुन्हा गंमत करते. माणूस ताडीसाठी झाडावर चढतो. मग ताडी माणसाला चढते. ताडी उतरवतात, मग ती उतरते. या चढउताराचा हिशेब बहुधा बरोबर बसत असावा, कारण ताडी काढणाऱ्या माणसाचं पोट सुटलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. दिवसातून दोनदा दहा-बारा झाडं चढायची म्हणजे चांगल्या डोंगरावर जाऊन येण्यासारखंच आहे. पाड्यावर पोट असतं फक्त तारप्याला. तो सुकवलेल्या दुध्याचा असतो, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. त्याच जातीच्या दुध्याच्या तुंब्यात ताडीही ठेवतात. एका दुध्यात सूर, एका दुध्यात सुरा. (कोटी जुनी वाटेल, पण आमच्याकडे ती खरोखर खुंटीला टांगलेली असते.)

ताडीचं कौतुक करताना थोडं भान ठेवायला हवं. शहरातली माणसं 'नॅचरल' म्हणत ताडीकडे वळतात तेव्हा मला त्यांचं हसू येतं आणि काळजीही वाटते. मुरलेल्या ताडीत साधारण चार-पाच टक्के अल्कोहोल असतो, म्हणजे साध्या बिअरएवढाच. झाडावरून आला म्हणून तो पोटात गेल्यावर वेगळा वागत नाही. आणि दुकानातल्या ताडीत झाडाऐवजी क्लोरल हायड्रेट नावाची गुंगीची पावडर कालवल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. त्या ताडीला ताड माहीतही नसतो.

भाच्याला आकड्यांची भाषा कळते, म्हणून एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो, खुर्चीवर. शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी. साखरेत, पिठात चार. तुपात नऊ. म्हणजे आपण जिला पाण्यासारखी समजतो ती वस्तू साखरेपेक्षा तुपाच्या जवळची आहे. "मामा, कॅलरीत नको, डोक्यात बसत नाही," तो म्हणाला. मग मी आमच्या मुलखातलं माप काढलं. एक मध्यम चिकू, शंभर ग्रॅमचा, म्हणजे साधारण ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी. एक चिकू हे एकक.

साडेसहाशे मिलिलिटरची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची: चार चिकू, थोडे वरच. १८० मिलिलिटरची क्वार्टर: पाच चिकू. आणि चखणा? चखण्याला कुणी हिशेबात धरतच नाही, तो लग्नातल्या करवल्यांसारखा, आपोआप आलेला असतो. शंभर ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशे कॅलरींवर, सहा-सात चिकू. शनिवारच्या दोन बाटल्या आणि त्याच्यासमोरची बशी मिळून पंधरा चिकू झाले. त्यात तळलेला बोंबील मी धरला नाही, किनाऱ्यावरच्या माणसाने बोंबलाविरुद्ध साक्ष देऊ नये.

"एका बैठकीत पंधरा चिकू खाल्लेस तर तुझी आई काय करेल?"

"डॉक्टरकडे नेईल."

"आणि?"

"आणि तुम्हाला फोन करेल." तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. "पण मामा, मी क्वार्टर घेत नाही हां."

ते खरं होतं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस वर्षं पुरतात, कडक दारूसाठी पंचवीस लागतात. शिवाय परवानाही. ज्या कायद्याखाली हे परवाने मिळतात त्याचं नाव अजूनही दारूबंदी कायदाच आहे. म्हणजे भाच्याने कायद्याने अजून वर्षभर बिअरवरच भागवायचं आहे. वजनाच्या दृष्टीने कायद्याने त्याचं काही भलं केलं असं नाही.

आमचा हिशेब आठवड्याला पंधरा चिकू, वर्षाला सातशे ऐंशी, असा चढत गेला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्या हिशेबाने वर्षाला आठ-साडेआठ किलो आणि तीन वर्षांत पंचवीस किलो व्हायला हवे होते. झाले चौदा. भाचा खूश झाला; त्याला वाटलं अकरा किलोंची सूट मिळाली. पण शरीर वाण्याच्या वहीसारखं चालत नाही. जास्त आलं की ते थोडं इकडे जिरवतं, थोडं तिकडे, रविवारी भूक कमी लावतं. वाडीचा हिशेबही कागदावर नेहमी जास्तच येतो, प्रत्यक्षात वटवाघळं असतात. म्हणून तर या विषयावरचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. बेताने, थोडी घेणाऱ्यांचं वजन वाढतंच असं त्यांतून ठामपणे निघत नाही. मात्र एकाच बैठकीत भरपूर रिचवणाऱ्या तरुणांचं वजन वाढण्याकडे झुकतं. आठवडाभराची बाटली रोज चमचा-चमचा घेणारा आणि ती शनिवारी एका दमात संपवणारा, दोघांची बेरीज एक असली तरी पोटाला ती एक वाटत नाही.

त्याचं कारण मी त्याला रेल्वेच्या भाषेत सांगितलं. आमच्याकडे २०१३ पासून चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल येते. या लोकलचा प्रवासी एका गोष्टीला सरावलेला असतो. मागून लांब पल्ल्याची गाडी आली की आपली लोकल बाजूला घेतात आणि तिला वाट देतात. तुम्ही खिडकीतून बघत बसायचं. यकृताचंही असंच असतं. अल्कोहोल साठवून ठेवायला शरीरात गोदाम नाही, आणि तो फिरत राहिला तर घातक. म्हणून तो आला की यकृत त्याला आधी मार्ग देतं. चरबी जाळायचं काम तोवर बाजूच्या रुळावर उभं. यकृत तासाला फार तर सात-दहा ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा पेग निकालात काढतं. दोन स्ट्राँग बिअर म्हणजे ऐंशी ग्रॅम. रात्री दहाला उभी राहिलेली लोकल सकाळीसुद्धा जागची हलत नाही. आणि मध्यंतरी शेंगदाणे येतच असतात, बोंबील येतच असतात, प्लॅटफॉर्मवर गर्दी वाढतेय. त्यात अल्कोहोल भूक वाढवतो, त्याच ताटातलं चार घास जास्त जातं. चरबीला घरी जायचं असतं, पण गाडीच नाही. मग ती तिथेच मुक्काम करते, कमरेपाशी.

"म्हणजे माझ्या पोटात डहाणू रोड स्टेशन आहे," भाचा म्हणाला.

आता ही बैठक हाणामारीच्या वेगाने का होते, याला आमच्या भूगोलाचाही हातभार आहे. तलासरी तालुका म्हणजे दारूच्या नकाशावरचा मोठा विनोदी तुकडा. पलीकडे गुजरात, १९६० मध्ये वेगळं राज्य झाल्यापासून कोरडं. उजवीकडे दादरा नगर हवेली, थोडं वर समुद्राकाठी दमण, दोन्हीकडे ओलं आणि स्वस्त. मध्ये आमचा महाराष्ट्र, ओला पण महाग. महामार्गावर आच्छाडच्या नाक्यापाशी उभं राहिलं तर कोरड्यातून ओल्यात येणाऱ्या आणि स्वस्तातून महागात चोरून येणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या गाड्या दिसतात, आणि दोघांकडे संशयाने पाहणारे उत्पादन शुल्कवालेही. शनिवारी संध्याकाळी अलीकडच्या धाब्यांवर पलीकडची पासिंग असलेल्या गाड्या रांगेने लागतात. त्या मंडळींची पिण्याची पद्धत मी पाहिली आहे. तिथे चव, गप्पा, गझल काही नाही. बाटली घरी नेता येत नाही, म्हणून ती पोटातून न्यायची असते. स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते तेव्हा माणूस वडापाव खातो, तसं. आमची पोरं पलीकडे कामाला जातात, आठवडाभर कोरडी असतात आणि शनिवारी त्याच धाब्यांवर शेजारच्या टेबलाला बसतात. वेग संसर्गजन्य असतो.

इथे पिण्यावर इतकी राज्यं झाली आणि गेली की त्याचा स्वतंत्र इतिहास आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रजांनी ताडाच्या झाडावर कर बसवला. पाड्यातल्या माणसाने आपल्याच बांधावरच्या झाडाचा रस काढला तर तो गुन्हा ठरू लागला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. फुलं! उन्हाळ्यात झाडाखाली पडतात ती, पोरं वेचून भाजून खातात ती. फायदा झाला गाळपाचे आणि दुकानांचे मक्ते घेतलेल्यांचा.

आणि मग १९२२ मध्ये या किनाऱ्यावर एक देवी आली. पालघरकडच्या कोळ्यांत सुरू झालेली ही लाट डोंगर ओलांडून दक्षिण गुजरातच्या आदिवासींपर्यंत पोचली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. तिथे सलाबाई नावाची ही देवी लोकांच्या अंगात यायची आणि सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या शेठच्या कामाला जाऊ नका. हजारोंनी ऐकलं. आजकाल हेच सांगायला आहारतज्ज्ञ दर महिन्याला फी घेतात आणि कुणी ऐकत नाही. कोळ्यांकडून निघालेल्या देवीने पुढे जाऊन मासे सोडायला सांगावं, हे मात्र मला अजून पचलेलं नाही. वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणांनी पुन्हा सुरू केली म्हणतात. पण त्या लाटेने एक गोष्ट दाखवली. शेठच्या दुकानाला कुलूप लावायचं तर आपण तिथे जायचं थांबायचं, एवढी साधी युक्ती पाड्यातल्या माणसाला कुणी शिकवावी लागली नव्हती.

भाच्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे एक पोरगा आहे, तलासरी तालुक्यातल्या पाड्यावरचा. वय तेवीस. माल चढवणं-उतरवणं त्याच्याकडे. दोघांची चांगली दोस्ती आहे. आरोग्य तपासणी झाली तेव्हा दोघं एकामागोमाग काट्यावर उभे राहिले. भाचा ७८ किलो, उंची १७० सेंटिमीटर. दोस्त ४६ किलो, उंची १६२. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाची. ग्रहतारे मोजून झाल्यावर तो माणसांकडे वळला. भाच्याचं उत्तर आलं २७. आपल्याकडे २३ च्या वर वजन जास्त धरतात, २५ च्या वर लठ्ठपणा. दोस्ताचं आलं साडेसतरा, आणि साडेअठराच्या खाली कमी वजन. डॉक्टरांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "पिता का?" आणि दोघांनी एकच उत्तर दिलं, "शनिवारी, थोडी."

तिथे मला माझा चिकूचा कागद खिशात घालावासा वाटला.

भाच्याच्या पोटात दारू जेवणावर पडते. दोस्ताच्या पोटात जेवणाऐवजी. पगार हातात आला की दहा माणसांची देणी, मग उरलेल्यात गावठीचा फुगा, सोबत मीठ लावलेली कैरी किंवा काहीच नाही. त्या रात्री चूल पेटवायचं कारण उरत नाही, भूक मेलेली असते. कॅलरी तशा त्याही मिळाल्या, कागदावर चार-पाच चिकूंच्या. पण त्यांत ना प्रथिनं, ना लोह, उलट आतड्याला ब-१ जीवनसत्त्व उचलू न देण्याचा खोडसाळपणा. घरातले मोठे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, होळीला येतात. तो लहानपणी त्यांच्याबरोबर जायचा, शाळेत कमी आणि भट्टीवर जास्त. पालघर जिल्ह्याची बातमी मुंबईच्या पेपरात येते ती बहुतेक वेळा कुपोषणाची, आणि त्या बातमीतल्या पोरांची वयं पाचाच्या आत असतात. ती पोरं मोठीही होतात. तेवीस वर्षांची होतात, उंबरगावला माल चढवतात.

आणि बारीक दिसणं म्हणजे सुटलो असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचाही तो बेल्जियन आकडा २२.३. अगदी एक. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा माणूस काट्यावर बारीक आणि आतून जाड असू शकतो, हे सांगायला त्यांनी स्वतःचं पोट पुढे केलं. शास्त्रज्ञांत असा विनोद मला फार आवडतो. म्हणून आता डॉक्टर काट्याबरोबर टेपही काढतात. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत, बाईची ऐंशीच्या. भाच्याची चौऱ्याण्णव भरली. वारली माणसाला ही टेप लावायची तर ती ठिपक्याभोवती कशी गुंडाळायची, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

भाच्याने काही सोडलं वगैरे नाही. पण चिकूचं माप त्याच्या मित्रांत पसरलं आहे. "किती झाले?" "आठ." "पुरे रे, आई ओरडेल." पैज लागते, कोण सहा चिकूंत उठतो. चखण्याला काकडी आली, असं ऐकतो. शेंगदाणे अजून आहेत.

जानेवारीत दोस्ताने त्याला पाड्यावर बोलावलं, पहाटेच्या ताडीला. मीही गेलो, पहाटेची म्हणून गेलो, हे ताईला सांगितलं. मोटारसायकलवर थंडी अशी की डोळ्यांतून पाणी. गवतावर दव होतं, कुठेतरी कोंबडा उशिरा जागा झाल्यासारखा ओरडत होता. दोस्ताचा चुलता झाडाखाली उभा होता. साठीच्या पुढचा. पायांच्या पोटऱ्या काळ्या दोरासारख्या पिळलेल्या. आम्ही रामराम म्हणेपर्यंत तो अर्ध्यावर पोचलासुद्धा. वर पानांत खसखस झाली, आणि मडकं कमरेला लावून तो खाली आला. धापही लागली नव्हती. धाप आम्हाला लागली होती, मोटारसायकलवरून उतरून चालत आल्याची.

भाच्याला राहवेना. "काका, मी चढू?"

"चढा की, शेट. झाड कुठे नाही म्हणतंय."

दोस्ताने खालून बांबू धरला. भाचा पहिल्या पेरावर चढला, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्यावर त्याचा अंगठा घसरला आणि तो झाडाला मिठी मारून हळूहळू खाली आला, लहान मूल बापाच्या अंगावरून उतरतं तसा. टी-शर्ट वर सरकला होता, पोटावर ताडाचा खरखरीत ओरखडा. दोस्त इतका हसला की त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. भाचा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू डॉक्टरकडे गेलास का रे? मी पैसे देतो म्हटलं होतं ना." तो मान हलवत राहिला, हो का नाही ते कळलं नाही.

चुलत्याने मडकं तिरकं करून पहिले चार थेंब जमिनीवर सोडले. मग आमच्या हातात पेले दिले. रस गार होता, धुरकट गोड. दोस्ताला त्याने पेल्याबरोबर एक ताटली पण दिली, भाकर आणि चटणीची. "आधी हे," म्हणाला. भाच्याला ताटली दिली नाही.

ऊन आलं तसा चुलता भाच्याच्या टी-शर्टकडे बघू लागला. आधी लांबून, मग जवळ येऊन. ओळखीचं काहीतरी बिघडलेलं दिसावं तसं त्याचं तोंड झालं. बेंबीवरच्या तारपेवाल्यावर त्याने बोट ठेवलं.

"हे काय करतायत?"

"नाचतायत, काका," भाचा म्हणाला. "तारपा नाच."

चुलत्याने फेराभोवती बोट फिरवलं, एकेका माणसावर थांबत, पार खालच्या रांगेपर्यंत.

"सगळे?" त्याने विचारलं.